बाळाच्या सोनोग्राफीत सापडलो मी

बायकोच्या सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला मी गेलो तो गाडी चालवायला आणि फाइल धरायला. गुरुग्रामच्या त्या सेंटरमध्ये नवऱ्यांना एवढंच काम असतं. वेटिंग हॉलमध्ये भिंतीभर पाट्या होत्या: इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, तो गुन्हा आहे. त्या पाट्यांखाली बसून सुना आणि सासवा एकमेकींची पोटं बघत मुलगा की मुलगी ते खुशाल सांगत होत्या. त्यांच्यावर गुन्हा दाखल होत नसावा.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाई पक्क्या दिल्लीकर, बोलक्या. मागच्या वेळी त्यांनी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं बाळ दाखवलं होतं. ये देखो पैर, ये देखो नाक, नाक तो मम्मी की है, शुकर करो. या वेळी सुरुवात तशीच झाली आणि मध्येच त्या गप्प झाल्या. हातातलं यंत्र पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरवायला लागल्या. काळ्या पडद्यावर हृदयाचे कप्पे उघडझाप करत होते आणि त्यांच्यात पांढरे, वाटाण्यासारखे गोल दिसत होते. मला वाटलं, असतात तसे.

"काय झालं?" बायकोने विचारलं. घाबरली की ती बाहेरच्यांशीही मराठीत बोलते. ती सांगलीची, लग्न होऊन दिल्लीकडे आली तरी घाबरायची भाषा बदललेली नव्हती.

"बेबी के दिल में गांठें हैं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक से ज्यादा."

मी फाइल घट्ट धरली. मग त्यांनी खोलीतला दिवा लावला, खुर्ची वळवली आणि बायकोकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आपके चेहरे पे ये दाने कब से हैं?"

खरं सांगतो, मला राग आला. माझी बायको पोटाला जेली लावून पडली आहे, बाळाच्या हृदयात गाठी आहेत आणि या बाईंना माझ्या कांतीची पडली आहे.

"बचपन से. पिंपल्स हैं," मी म्हटलं.

"पिंपल इतने साल नहीं टिकते," त्या म्हणाल्या.

माझे टिकले होते. शाळेत असताना नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवर बारीक लालसर पुटकुळ्या आल्या त्या कधी गेल्याच नाहीत. आम्ही तेव्हा फरीदाबादला राहायचो. वडील तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर होते आणि आई शाळेत गणित शिकवायची. आईने माझ्या तोंडावर हळद, चंदन, मुलतानी माती आणि मसुराचं पीठ इतकं थापलं की पोळी भाजायचीच काय ती बाकी राहिली होती. शेजारच्या पंजाबी काकू म्हणायच्या, पेट की गर्मी है. पुढे स्किनच्या डॉक्टरांनी वेगवेगळी मलमं दिली. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, की लग्न झालं की हे सगळं जाईल. लग्नासाठी काढलेल्या फोटोत फोटोग्राफरने ते आधीच घालवून टाकलं. पहिल्या भेटीत बायकोने माझ्याकडे नीट बघून विचारलं होतं, "फोटोत तुमचा भाऊ होता का?" तिथेच मी होकार द्यायचं ठरवलं.

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. या गाठी कॅन्सरच्या नाहीत. बहुतेक वेळा ऑपरेशनही लागत नाही. बाळ जन्मल्यावर त्या आपोआप लहान होत जातात.

माझा जीव भांड्यात पडला. "तो फिर प्रॉब्लेम क्या है?"

प्रॉब्लेम असा होता, की हृदयात अशा एकापेक्षा जास्त गाठी असल्या तर बरेचदा ती एका अंगभर पसरणाऱ्या आजाराची खूण असते. तशाच गाठी मेंदूत होऊ शकतात, किडनीत होऊ शकतात, कातडीवर होतात. काही मुलांना फिट येतात, काही मुलं सगळं उशिरा शिकतात. "और कुछ लोगों को जिंदगी भर पता ही नहीं चलता," त्या म्हणाल्या. "पढ़ लेते हैं, नौकरी लग जाती है, शादी हो जाती है." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

आम्ही गाडीने घरी निघालो. सोसायटीच्या गेटपाशी बायको म्हणाली, "रविवारी डोहाळजेवण आहे."

"रद्द करूया."

"फुलांची ऑर्डर गेलीय. बायकांना बोलावलंय. आणि आईंना काय सांगणार?"

वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच राहायला आली होती. डोहाळजेवणाची सगळी सूत्रं तिच्याकडे होती आणि तिने ती एखाद्या परीक्षेच्या तयारीसारखी हातात घेतली होती. आम्ही तिला एवढंच सांगितलं, की अजून एक तपासणी करायची आहे.

रविवारी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये झोपाळा सजला. बायको डोक्यापासून कमरेपर्यंत मोगऱ्याच्या कळ्यांनी मढली होती. दिल्ली कँटोनमेंटमधून लष्करी अधिकाऱ्यांच्या मराठी बायका आल्या होत्या. त्यांनी मोठ्या आवाजात गाणी म्हटली. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ज्या गोष्टीसाठी सोनोग्राफीवाल्याला तुरुंग होतो ती आम्ही झोपाळ्यावर बसवून, फोटो काढत करतो. बायकोने वाटी उचलली. बर्फी निघाली.

"बर्फीपण छानच असते," आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. बायकोही हसली. ती इतकी व्यवस्थित हसली, की मला तिच्याकडे बघवेना. मी कोपऱ्यात जाऊन एकामागून एक पुरणपोळ्या खाल्ल्या. सगळ्यांना वाटलं, बाप होणारा माणूस किती खुशीत आहे.

त्या संध्याकाळी आम्ही आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," ती म्हणाली.

मग कारणं सुरू झाली. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते. मायक्रोवेव्हसमोर उभी राहते. ग्रहणात बाहेर गेली होती, मी तेव्हाच म्हटलं होतं. शेवटी, बराच वेळ आवरून धरलेलं, "तिच्या मामेबहिणीला फिट यायच्या ना लहानपणी?"

बायको म्हणाली, "तापात आली होती, आई. एकदा."

"एकदा का होईना," आई म्हणाली.

जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे दिल्लीला एका मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं तेव्हा आई आपणहून निघाली. तिला डॉक्टरांना सुनेच्या माहेरची माहिती द्यायची होती, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल. बायकोने पुढची सीट आईला देऊन टाकली आणि मागे पाय पसरून बसली.

डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. त्यांनी आधी बायकोला नीट तपासलं, काही सापडलं नाही. मग मला शर्ट काढायला सांगितला, दिवा बंद केला आणि एक जांभळा दिवा माझ्या पाठीवर धरला. बायकोचा "अय्या!" ऐकू आला. पाठीवर, कमरेवर पांढरट डाग चमकत होते म्हणे, झाडाच्या पानासारखे.

"लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला आज दिसतंय," ती म्हणाली.

"मलाही आजच कळतंय," मी म्हटलं. "पाठ माझी असली तरी मी कुठे बघतो?"

डॉक्टर आईकडे वळले. "माँजी, आप जरा मोजे उतारेंगी?"

जानेवारी होता. दिल्लीच्या जानेवारीत माणूस आंघोळीपुरतेच मोजे काढतो. आईला हा प्रश्न फारसा सभ्य वाटला नाही. तिने मराठीत मला विचारलं, "माझे कशाला? पेशंट कोण आहे?" तरी शेवटी काढले.

तिच्या पायांच्या बोटांवर, नखांच्या कडेने, गुलाबी मांसल कोंबासारख्या गाठी होत्या. मी त्या लहानपणापासून पाहिल्या होत्या. आई त्यांना चामखीळ म्हणायची.

"ये तो जूतों से है," आई म्हणाली. "स्कूल में दिन भर खड़ा रहना पड़ता था."

"हाथ दिखाइए."

हाताच्या एका बोटाला, नखापाशी, तसलाच बारीक कोंब होता. आई त्याकडे बघत राहिली. हाताच्या बोटाला बूट घालत नाहीत, हे गणिताच्या बाईंना सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, माझं आणि तिचं. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता, पण त्यांना फारशी शंका नव्हती आणि पुढे रिपोर्टही त्यांच्याच बाजूने आला. ज्या दोषाची खूण बाळात दिसली होती तोच माझ्यात, तोच आईत. त्यांनी हेही बजावलं, की आईला आणि मला त्रास कमी आहे म्हणून बाळालाही कमीच होईल असं नाही. एकाच घरात एकाला नुसते डाग असतात आणि दुसऱ्याला रोज फिट येतात. मधल्या दिवसांत पोटातल्या बाळाचा एमआरआय झाला होता, त्यात मेंदूतही एक-दोन ठिपके असावेत असं दिसत होतं. "असावेत," ते म्हणाले; याहून पक्कं आत्ता कुणीच सांगू शकणार नाही. इतक्या उशिराही कायद्याने मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, बोर्डाने मान्य केलं तर गर्भ ठेवायचा नाही असंही ठरवता येतं, हेही त्यांनी त्याच हळू आवाजात सांगितलं. "आप लोग सोच लीजिए."

परत येताना आई मागे, बायकोच्या शेजारी बसली. धौला कुआँच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या.

"म्हणजे सगळं माझंच," आई म्हणाली.

"तुमचं एकटीचं कसं असेल?" बायको म्हणाली. "तुमच्याही आधीपासून आलं असेल. तुमच्या आईंना काही होतं का?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "तिच्या अंगात यायचं."

"म्हणजे?"

"मंगळवारी, शुक्रवारी. कधी मधल्या वारीही. ताठ व्हायची, डोळे फिरायचे, हातपाय झटकायची, मग निपचित पडायची. गावातल्या बायका नारळ घेऊन यायच्या. ओटी भरायच्या. मुलाबाळांचं विचारायच्या."

मी आरशातून बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "त्या फिट होत्या."

"आम्ही देवी म्हणायचो," आई म्हणाली.

बायकोला हसू फुटलं. तिला ते आवरेना. पोटाला दोन्ही हात लावून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं हसण्याचं किती आणि बाकीचं किती हे मला सांगता यायचं नाही. आईचा चेहरा आधी कडक झाला. मग ती म्हणाली, "नारळ मात्र खूप जमायचे. आम्हा भावंडांना नारळाचा कंटाळा आला होता," आणि तीही हसायला लागली. शेजारच्या कॅबमधला माणूस आमच्याकडे बघत होता.

हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, "पण सत्तरी आली माझी. मी शाळेत गणित शिकवलं. घर चालवलं. मला काय झालं?" मग जरा थांबून, "तिचं मात्र वाईट झालं. माझ्या आईचं. विहिरीपाशी असताना देवी आली." पुढच्या गाड्या हलल्या आणि मी गिअर टाकला.

तो आठवडा आमच्या घरात विचित्र गेला. बोर्डाकडे जायचं की नाही हे बायकोला आणि मला ठरवायचं होतं, आणि ज्या दोषामुळे ठरवायचं होतं तोच दोष घेऊन मी सोफ्यावर बसलो होतो. मी जन्माला यायच्या वेळी असल्या मशिनी असत्या तर माझ्याबद्दलही कुणीतरी हळू आवाजात "सोच लीजिए" म्हटलं असतं. त्यामुळे मी त्या आठवड्यात फार चांगला वागलो. भांडी घासली, पडदे धुतले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मुद्देसूद बोललो. आपण जन्माला येण्याच्या लायकीचे होतो हे उशिरा का होईना सिद्ध करायची खटपट चालली होती. आईचंही तेच चाललं होतं. ती अचानक नव्वदच्या पुढचे पाढे म्हणायला लागली होती.

शनिवारी दुपारी बायको संत्रं सोलत गॅलरीत उन्हाला बसली होती. मला म्हणाली, "मी बोर्डाकडे जाणार नाही. तुला चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटलं, की मी जरा फुशारलो. "म्हणजे माझ्याकडे बघून तुला वाटलं, की..."

"तुझ्याकडे बघून नाही ठरवलं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघून ठरवायचं असतं तर अजून विचार करावा लागला असता." मग संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. "मला भीती वाटतेच आहे. ती जायची वाट बघितली तर हे बाळ शाळेत जायला लागेल."

मार्चमध्ये मुलगी झाली. बर्फी बरोबर निघाली होती. हृदयातल्या गाठी होत्या तिथेच होत्या, पण रक्ताची वाट त्यांनी अडवलेली नव्हती. बाळ रडलं, दूध प्यायलं, डॉक्टरांच्या अंगावर शू केली. एवढ्या तज्ज्ञांच्या पहाऱ्यात जन्मलेलं मूल इतकं साधं वागेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

साधेपणा काही महिने टिकला. मेंदूची तपासणी ठरावीक दिवसांनी करत राहायची असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास मेंदूच्या लहरींचा आलेख बिघडलेला दिसला. त्यानंतर चारच दिवसांनी ती मांडीवर असताना एकाएकी मान पुढे टाकून दोन्ही हात उचलायला लागली, परत परत, नमस्कार केल्यासारखे. आईने ते पाहिलं. तिने देवीचं नाव घेतलं नाही. "फिट आहे, गाडी काढ," एवढंच म्हणाली आणि बाळाला कुशीवर वळवलं.

औषध लगेच सुरू झालं. पुढचे काही महिने आमच्यापैकी कुणीही नीट जेवलं नाही. औषधाने फिट थांबल्या, मग एकदा परत आल्या, मग डोस वाढवल्यावर थांबल्या. लवकर कळलं म्हणून लवकर आवरता आलं, असं डॉक्टर म्हणाले. ती उशिरा बसली, उशिरा चालली. बोलायला इतका उशीर लावला, की आम्ही रडायच्या बेतात होतो. आता अडीच वर्षांची झाल्यावर तोंड मिटत नाही. पाळणाघरात हिंदी, आजीशी मराठी आणि घाईत असली की दोन्ही. पुढे शाळेत कसं जमेल ते ठाऊक नाही. डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हे आता आम्ही त्यांना बोलूनही दाखवतो.

मधल्या काळात आमचीही तपासणी झाली. माझ्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. आत्ता काही करायचं नाही, दर वर्षी बघायचं. आईच्या किडन्यांत त्याहून मोठ्या निघाल्या. आयुष्यात एकदाही डॉक्टरकडे न गेल्याचा तिला फार अभिमान होता. आता ती गोळ्यांचा डबा घेऊन बसते आणि सोसायटीच्या बागेत इतर बायकांना रक्तदाब या विषयावर शिकवते. माझ्या चेहऱ्यासाठी डॉक्टरांनी एक मलम लिहून दिलं आहे. ते आजाराच्या मुळाशी जाऊन काम करतं म्हणे आणि खरोखर करतंही. पुटकुळ्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. बायको म्हणते, आता कुठे फोटोतला माणूस घरी आला.

गेल्या महिन्यात मुलीच्या हृदयाची तपासणी होती. आम्ही चौघंही गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ यंत्र फिरवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग ते म्हणाले, "अब तो ढूँढने पर भी नहीं मिल रहीं."

गाठी विरघळल्या होत्या. ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्या निघून गेल्या होत्या आणि आम्ही तिघं तेवढे पेशंट म्हणून मागे राहिलो होतो.

"मग आता सुटलो ना आपण?" आईने मराठीतच विचारलं. डॉक्टरांना ते कसं कळलं कोण जाणे.

"दिल से छुट्टी," ते हसून म्हणाले. "बाकी सब अगले साल."

बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. बायकोने मुलीला कडेवर घेतलं आणि तिच्या छातीला कान लावून उभी राहिली, लोक बाजूने जात असतानाही. मुलीला मात्र दुसरीच काळजी होती.

"टीव्हीवर काय होतं?" तिने विचारलं.

"तुझं हृदय होतं."

"काय करत होतं?"

"उड्या मारत होतं," बायको म्हणाली.

"फिर से देखना है. परत बघायचं," मुलगी म्हणाली. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही तिघांनीही तिला सांगून पाहिलं. तिला ते पटलं नाही. गाडीत बसेपर्यंत ती हॉस्पिटलकडे हात करून रडत होती.